गांधीलमाशीचा बिल्ला

इस्पितळाच्या हजेरीपटावर तिचं नाव होतं, पण ते हजेरीपटापुरतंच. बाकी सगळीकडे ती गांधीलमाशी होती. हे नाव लिफ्टवाल्याने ठेवलं असं म्हणतात. कानावर आलं तेव्हा तिने लिफ्टवाल्याला टेबलाशी बोलावून घेतलं, त्याचं धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं होतं ते दिलं, आणि तो दंड चोळत उठला तेव्हा म्हणाली, "आता शोभतं की नाही नाव?" त्या दिवसापासून लोक तिच्या पाठीमागेसुद्धा ते जरा हळूच उच्चारू लागले.

लसीकरणाची खोली तळमजल्यावर होती, एक्स-रेच्या खोलीला लागून. एक टेबल, एक स्टूल, एक फ्रिज. स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्याला चिकटपट्टी गुंडाळून तिने बाकीच्या पायांच्या बरोबरीला आणला होता. फ्रिजला तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. एकदा हाडांच्या डॉक्टरांनी त्यात आपला जेवणाचा डबा ठेवला. तिने तो उचलून व्हरांड्यातल्या बाकावर भर उन्हात नेऊन ठेवला, आणि डॉक्टर शोधत आले तेव्हा म्हणाली, "तुमचा डबा तापला तर चालतो, माझी लस तापून चालत नाही." बाई उद्धट होती यात वादच नाही. पण हात असा, की सुई कधी आत गेली ते कळायचं नाही. कापूस दाबला गेला की माणूस विचारायचा, झालं? मग त्याला कळेल असं काहीतरी ती जिभेने टोचायची, एवढंच.

रक्ताशी काम करणाऱ्यांना ब प्रकारच्या काविळीची धास्ती असते. रोग्याला टोचलेली सुई चुकून आपल्या बोटात शिरली की पुरे, कावीळ यकृत धरून बसते. म्हणून सगळ्यांनी लशीचे तीन डोस घ्यायचे, मग रक्त तपासायचं, आणि त्यात लशीच्या अँटिबॉडी दिसल्या की कोटावर हिरवा बिल्ला लावायचा. बिल्ला नाही तर डायलिसिस नाही, ऑपरेशन थिएटर नाही, सुईला हात नाही. हा नियम तिनेच सुपरिंटेंडंट साहेबांच्या डोक्यावर बसून करून घेतला होता. एखाद्याच्या रक्तात लस नाही उतरली तर ती परत तीन डोस टोचायची, आणि बहुतेकांच्या दुसऱ्या खेपेला उतरायची. त्यातूनही कोणी उरला तर तंबाखू, दारू नाहीतर सुटलेलं पोट, यातलं जे दिसेल ते ती त्याच्या माथी मारायची. लशीचा दोष नाही आणि आपल्या हाताचा तर नाहीच नाही, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तिचा स्वतःचा बिल्ला सगळ्यांत जुना. ही लस इस्पितळात पहिल्यांदा आली तेव्हा लोक बिचकत होते. तिने व्हरांड्यात सगळ्यांना उभं केलं आणि स्वतःच्या डाव्या दंडात स्वतःच सुई मारून घेतली. पुढचे दोन्ही डोसही तसेच, भरल्या व्हरांड्यात. रक्त तपासायचा नियम आला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. बिल्ल्यांचा खोका उघडला तेव्हा पहिला बिल्ला तिने आपल्या कोटाला लावला आणि मग बाकीच्यांना रांगेत यायला सांगितलं. तिचं रक्त तपासावं असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी बोलायची छाती कोणाची होती!

त्याच सुमारास एक मावशी होती, वॉर्डात कामाला. तिने दोन डोस इथे घेतले होते आणि तिसरा बहिणीकडे गेली असताना तिथल्या दवाखान्यात. रक्तात काहीच निघालं नाही. मावशी तंबाखूला शिवत नव्हती आणि अंगाने काडी, त्यामुळे गांधीलमाशीकडे एकच कारण उरलं. व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "सुई घेतली असती तर रक्तात दिसली असती. खोटं कशाला बोलतेस?" परत तीन डोस घे म्हटलं तर मावशी म्हणाली, "घेतलेली सुई परत घेतली म्हणजे मी खोटी ठरले. नाही घेणार." मग तिला वॉर्डातून काढून मागच्या अंगाला, मलमपट्टीचं सामान बांधायच्या खोलीत टाकलं. गांधीलमाशी ते विसरूनही गेली. तिच्या तोंडून रोज कोणाचा ना कोणाचा पाणउतारा व्हायचा, एकेक कुठे लक्षात ठेवणार.

आणि मग तिचा धाकटा भाऊ याच इस्पितळात डायलिसिसचा टेक्निशियन म्हणून लागला.

दोघांचं बोलणं बंद होतं. आई गेली ती भावाच्या घरी, आणि त्याने बहिणीला फोन केला तो सगळं आटोपल्यावर. ती म्हणायची, मुद्दाम केलं. तो म्हणायचा, आईनेच सांगितलं होतं, तिला बोलावू नकोस, आल्या आल्या सगळ्यांना फैलावर घेईल. खरं काय ते आईबरोबर गेलं. तेव्हापासून तो तिला ताई म्हणत नव्हता. समोरासमोर आलाच तर बाकी नोकरांसारखा 'सिस्टर' म्हणायचा आणि भिंतीकडे बघायचा.

बिल्ला त्यालाही हवाच होता. पण त्या चिकटपट्टीच्या स्टुलावर बसून बहिणीपुढे दंड उघडा करायचा, हे त्याला मरणापेक्षा जड. रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात त्याने तीन डोस घेतले आणि दाखला आणून दिला. रक्तात शून्य. परत तीन घेतले, परत दाखला. परत शून्य. तोवर साहेबांच्या तात्पुरत्या परवानगीवर तो मशीन चालवत होता, आणि चांगलं चालवत होता. त्याच्या हातून सुई लावून घ्यायला रोगी थांबून राहायचे. हात दोघा भावंडांचा सारखाच होता, पण ते तिला सांगणार कोण?

दुसरं शून्य आल्याचं कळलं तशी गांधीलमाशी थेट सुपरिंटेंडंट साहेबांच्या खोलीत गेली. "दाखले खोटे आहेत," ती म्हणाली. "चौकशी करा."

चौकशीला पाच जण बसले. साहेब, मेट्रन, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेची डॉक्टर, आणि टेबलाच्या दोन टोकांना ही दोन भावंडं.

"खोटे दाखले म्हणजे नोकरी गेलीच," साहेब भावाला म्हणाले. "आणि मला वर कळवावं लागेल. मग कुठल्याच इस्पितळात तुम्हाला मशीनला हात लावू देणार नाहीत."

"सहा वेळा दंड पुढे केलाय मी," भाऊ म्हणाला. "त्या दवाखान्यात विचारा."

"मी विचारून आले," गांधीलमाशी म्हणाली. "ते म्हणाले, दिले. आपल्या गिऱ्हाइकाला कोण तोंडघशी पाडेल?"

"साहेब, या बाई माझ्यावर खार खाऊन आहेत."

"खार कशाला खाऊ? सुई दिसली की खाटेखाली शिरायचा हा. बाबा झाडूच्या दांड्याने ढोसून बाहेर काढायचे. तेव्हाही रडत बाहेर यायचा. आणि आता म्हणे सहा वेळा दंड पुढे केला!"

मेट्रन फिसकन हसली. भावाचे कान लाल झाले. इतक्या वर्षांत तिला असं समाधान मिळालं नव्हतं.

प्रयोगशाळेची डॉक्टर वयाने लहान होती आणि हळू बोलायची. ती म्हणाली, "दाखले खरेही असू शकतात. ही लस काही जणांना लागतच नाही. वय, तंबाखू, वजन ही कारणं असतातच, पण काहींच्या बाबतीत ते जन्मापासूनच ठरलेलं असतं." तिने साहेबांच्या टेबलावरचा कागदाचा एक चिमटा उचलला. "लस म्हणजे विषाणूच्या वरच्या आवरणाचा नुसता एक तुकडा. आपल्या काही पेशी तो तुकडा असा चिमट्यात धरतात आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना दाखवतात, की चोर असा दिसतो. ते बघितल्यावर अँटिबॉडी तयार व्हायला लागतात. हे चिमटे प्रत्येकाचे निराळे, निम्मे आईकडून आलेले, निम्मे वडिलांकडून. एखाद्याच्या चिमट्यात नेमका हाच तुकडा नीट बसत नाही." तिने चिमट्यात साहेबांची जाडजूड फाइल कोंबायचा प्रयत्न केला. चिमटा उडून मेट्रनच्या मांडीवर पडला. "पहारेकऱ्यांना काही दिसतच नाही. बाकीच्या लशी त्या माणसाला लागतात, हीच लागत नाही."

"कारणं शोधली तर ढीगभर मिळतात," गांधीलमाशी म्हणाली.

"हे सिद्ध कसं करायचं?" साहेबांनी विचारलं.

"इथे सगळ्यांसमोर परत तीन डोस देऊन बघता येईल. सहा-सात महिने जातील."

"तेवढे दिवस खोट्या दाखल्यांचा माणूस मी सांभाळू? दुसरं काही?"

डॉक्टर जरा घुटमळली. "नुसते चिमटे तपासून खात्री देता येत नाही. तसेच चिमटे असलेल्या काहींना लस लागतेही. पण त्यांचं एखादं सख्खं भावंड असेल, ज्याच्या डोसांबद्दल कोणाला शंका नाही, आणि त्याचे चिमटे सारखे निघून त्यालाही लस लागलेली नसेल, तर मी यांच्या बाजूने लेखी देईन."

सगळ्यांच्या माना गांधीलमाशीकडे वळल्या. तिचे डोस अख्ख्या इस्पितळाने बघितले होते.

दुसरं कोणी असतं तर विचार करायला एक दिवस मागून घेतला असता. ती ताडकन उभी राहिली. "घ्या माझं रक्त! एकाच आईबापाची आहोत दोघं. माझ्यात लस सापडली की याला आजच्या आज घरी पाठवा."

"तसा अर्थ निघत नाही, सिस्टर," डॉक्टर म्हणाली. "सख्ख्या भावंडांचे चिमटे पुरते सारखे निघायची शक्यता चारात एक. तुमच्यात अँटिबॉडी निघाल्या तर यांच्याबद्दल काहीच सिद्ध होणार नाही."

"मला पुरेल," साहेब म्हणाले. त्यांना ते प्रकरण टेबलावरून हलवायचं होतं.

भाऊ पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बोलला. "घ्या की. तिच्या अंगात रक्त आहे का, ते तरी कळेल."

पहिल्या तपासणीत शून्य निघालं. डॉक्टरने तिला बोलावून घेतलं आणि घाईने सांगितलं, "यावरून काही ठरत नाही हं. इतक्या वर्षांनी अँटिबॉडी आटतात, ओळख मात्र शिल्लक राहते. एक डोस घ्या, महिन्याने परत बघू. लस एकदा लागलेली असेल तर आकडा सरसरून वर जाईल." चिमट्यांच्या तपासणीसाठी दोघांचं रक्त बाहेर पाठवलं. डोस गांधीलमाशीने स्वतःच टोचून घेतला, डॉक्टरच्या देखत, त्याच डाव्या दंडात. नवीच बाटली फोडली, तारीख दोनदा बघितली. फ्रिजवर संशय घ्यायला तिने जागाच ठेवली नाही.

तो महिना इस्पितळाला फार वाईट गेला. बाही जरा हळू वर केली म्हणून तिने मेट्रनच्या भाचीला रडवलं. जिन्याच्या झाडूवाल्याला धारेवर धरलं, थर्मामीटर बदलून मागवला आणि आलेला परत पाठवला. हात धुताना मात्र तिची नजर आपल्याच बोटांवर जायची. इतक्या वर्षांत किती सुया शिरल्या होत्या त्या बोटांत! एकदा तर पिवळ्याधमक डोळ्यांच्या माणसाचं रक्त काढताना त्याने हिसका दिला होता आणि सुई तिच्या अंगठ्यात गेली होती. बरोबरची नर्स रडकुंडीला आली. ही नळाखाली अंगठा धरून हसत होती, "मला काय धाड भरलीय? कोटावर बिल्ला आहे." आता ते आठवलं की ती अंगठा परत साबणाने धुवायची. भीती वाटतेय हे तिच्या ध्यानात यायलाच काही दिवस लागले, इतकी तिला भीतीची सवय नव्हती.

महिन्याने डॉक्टरने प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं. "परत शून्य. आणि चिमटे दोघांचेही अगदी एकसारखे आहेत. सिस्टर, तुम्हाला ही लस कधी लागलेलीच नाही. कावीळही झालेली नाही, हे नशीब समजा."

गांधीलमाशी स्टुलावर बसली. आईने दोघांत सारखं वाटलेलं आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी सापडलं होतं.

"रक्त तुमचं आहे," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाली. "तुम्ही म्हणाल तरच मी सांगेन. नाहीतर नमुना खराब झाला म्हणू. त्यांना मग सहा महिन्यांच्या वाटेने—"

"सहा महिने तो राहील का इथे? साहेब त्याला उद्या काढतील."

"म्हणूनच तुम्हाला विचारतेय."

हो म्हटलं असतं तर भाऊ गेला असता आणि बिल्ला राहिला असता. महिन्यापूर्वी तिला नेमकं हेच हवं होतं. पण त्या मुलीचा तो समजूतदार चेहरा बघून तिचं डोकंच फिरलं. "नमुना खराब? माझ्या टेबलावर आजवर एक थेंब खराब झालेला नाही! मला खोटं बोलायला शिकवतेस?" दार एवढ्या जोरात आपटलं की ट्रेमधल्या नळ्या वाजल्या.

साहेबांच्या खोलीत तिने सगळं उभ्या उभ्या सांगितलं. मग कोटावरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. पिन जुनी झाली होती, निघताना तिच्या बोटाला लागली.

साहेब गडबडले. "अहो, हे काय! तुमची निवृत्ती जवळ आली. असू द्या बिल्ला, कोणाला कळणार आहे?"

"नियम कोणी केला?"

"तुम्हीच."

"मग?"

डॉक्टर मध्ये पडली. अशा माणसांना कामावरून काढायची गरज नसते, म्हणाली. दुहेरी हातमोजे द्यायचे, आणि सुई लागलीच तर तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन लगेच द्यायचं, नियम तसा बदलता येईल. साहेब म्हणाले, वरून मंजुरी आणावी लागेल. दाखल्यांचा आळ त्यांनी तिथल्या तिथे काढून टाकला. भावाची नोकरी वाचली. पण मंजुरी येईपर्यंत बिनबिल्ल्याच्या दोघांनाही रक्तापासून लांब बसवायचं ठरलं, आणि तशी जागा इस्पितळात एकच होती.

व्हरांड्यात भावाने तिला गाठलं. "मी आभार मानेन असं समजू नकोस."

"मानू नकोस. तुला हाकलायला दिलं होतं मी रक्त, ठेवायला नाही."

सामान बांधायची खोली मागच्या अंगाला होती. एक लांब टेबल, त्यावर गॉजचे तागे, कापसाचे बोळे आणि बांधून झालं की भरायचे पत्र्याचे गोल डबे. टेबलाच्या टोकाशी मावशी बसली होती. तिचे केस तेवढे पांढरे झाले होते, बाकी तशीच काडी. इतक्या वर्षांत ती त्या खोलीची मुखत्यार झाली होती. तिने मान वर न करता सांगितलं, "हात धुवून या. कोपरापर्यंत. दोघंही."

ती दोघं हात धुवून समोरासमोर बसली. घडी चार पदरी घालायची, कापल्या कडेचा धागा आत दडवायचा, नाहीतर तो जखमेत राहतो. भावाने पाच-सहा घड्या घातल्या. मावशीने दोन उलगडून त्याच्याकडे परत फेकल्या. गांधीलमाशीच्या सगळ्या फेकल्या. भाऊ नाकातल्या नाकात हसला.

"हसायला काय झालं?" मावशी म्हणाली. "तुझ्या दोन आहेत की तिथेच." मग तिने कात्री खाली ठेवली. "बाई, त्या दिवशी व्हरांड्यात मला काय म्हणाला होतात?"

गांधीलमाशीला आठवायला वेळ लागला नाही. तो सबंध महिना तिला तेच वाक्य ऐकू येत होतं, पण ते आपण बोललो कोणाला, एवढंच ती विसरली होती. "सुई घेतली असती तर रक्तात दिसली असती," ती पुटपुटली.

"असं नाही. व्हरांड्याच्या त्या टोकाला लिफ्टपाशी ऐकू गेलं होतं तेव्हा."

भाऊ घडी घालायचा थांबला. गांधीलमाशीने त्याच्याकडे बघितलं, मग उघड्या दाराकडे. ती उठून उभी राहिली आणि तेव्हा बोलली होती तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणाली, "सुई घेतली असती तर रक्तात दिसली असती!" बाहेर ट्रॉलीची चाकं थांबली. कोणीतरी आत डोकावून गेलं.

"आणि मी घेतली होती," मावशी म्हणाली.

ज्या जिभेला अख्खं इस्पितळ भीत होतं, ती आतल्या आत चाचपडत होती.

"घेतली होतीत तुम्ही," ती शेवटी म्हणाली.

मावशीने गांधीलमाशीच्या समोरची वरची घडी उचलली, उजेडात धरून बघितली, उलगडली आणि तिच्याकडे सरकवली.

"धागा बाहेर राहिलाय. परत घाला."